मयूरशिखा : एका अपुष्प वनौषधीचा परिचय, संदिग्धता व परीक्षा

प्रास्ताविक

आपल्या निघंटूंमध्ये अशी काही द्रव्ये आहेत की ज्यांचे नाव सर्वांस ठाऊक असते; परंतु समोर चार नमुने ठेवून ‘यातील नेमके कोणते?’ असे विचारल्यास उत्तर देणारे थोडेच निघतात. मयूरशिखा हे अशा द्रव्यांपैकी एक होय. अतिसारावरील आणि रक्तस्रावावरील योगांत वैद्यमंडळी तिचा अधूनमधून उपयोग करतात. औषधी दुकानांत ती ‘मयूरशिखा’, ‘मोरशिखा’ किंवा ‘मोरपंखी’ या नावांनी मागविली जाते. मागविल्यावर मात्र जे हाती येते ते प्रत्येक वेळी एकच असते असे नाही. कधी वाळलेला नेचा येतो, कधी लाल कोंबड्याची फुले अथवा काळे चमकदार बी येते, तर कधी बागेतील शोभेच्या झाडाच्या फांद्याही येतात.

ही अडचण केवळ वनस्पतिशास्त्रीय नाही. एखाद्या वैद्याने दहा वर्षांत शंभर रुग्णांना मयूरशिखा दिली आणि तिचा परिणाम नोंदवून ठेवला, परंतु ती कोणती वनस्पती होती हे नोंदविले नाही, तर त्या शंभर नोंदींचा पुढील पिढीस उपयोग काय? दुसऱ्या गावातील वैद्याने त्याच नावाने वेगळीच वनस्पती वापरली असेल, तर दोघांचे अनुभव एकत्र करता येत नाहीत व एकमेकांविरुद्ध ताडूनही पाहता येत नाहीत. द्रव्याची ओळख हा अनुभवाचा पाया आहे. तो डळमळीत असेल तर वरचे सर्व बांधकाम संशयास्पद ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात मयूरशिखा या नावाने बहुतांश आधुनिक द्रव्यगुण ग्रंथांत स्वीकारलेल्या नेच्याचा परिचय करून दिला आहे. त्याच्याशी गल्लत होणाऱ्या वनस्पतींपासून तो वेगळा कसा ओळखावा, आणि तो संपू न देता कसा मिळवावा, याचाही विचार केला आहे.

नाम व पर्याय

भावमिश्रांनी भावप्रकाश निघंटूत मयूरशिखेचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. तेथे ‘नीलकंठशिखा’ व ‘मधुच्छदा’ हे पर्याय आढळतात. ‘सहस्रांघ्रि’ हा आणखी एक पर्याय असून त्यात पाठभेद आहे. ही वनस्पती लघु असून पित्त, कफ व अतिसार यांवर ती उपयुक्त आहे, असे तेथील वर्णनाचे तात्पर्य. नरहरिपंडितांच्या राजनिघंटूत ‘बर्हिचूडा’ या नावाने जे वर्णन येते, त्यात रस मधुर सांगितला असून मूत्रकृच्छ्र व बालग्रहादी दोषांवर उपयोग सांगितला आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, दोन्ही ग्रंथांत वनस्पतीच्या आकृतीचे सविस्तर वर्णन नाही. ओळखीसाठी आपल्या हाती केवळ पर्यायनामे उरतात. दुसरी अशी की, ‘मयूर’ या शब्दापासून साधलेल्या सर्व नावांचा एकत्र गुंता करून चालणार नाही. संहिताग्रंथांतील ‘मयूरक’ म्हणजे अपामार्ग, अर्थात आपला आघाडा. ‘मयूरपिच्छ’ हे प्राणिज द्रव्य असून त्याची मषी हिक्का-श्वासात सांगितली आहे. ‘मयूरतुत्थ’ हा मोरचूद. यांपैकी कशाचाही मयूरशिखेशी संबंध नाही.

पर्यायनामांचा अर्थ मात्र विचार करण्याजोगा आहे. शिखा किंवा चूडा म्हणजे मोराच्या डोक्यावरील तुरा, पिसारा नव्हे. हा तुरा नीट पाहिला असता असे दिसते की, त्यातील पिसांचे खालचे दांडे जवळजवळ उघडे असतात आणि वरच्या टोकाला ती पिसे पंख्यासारखी पसरतात. ज्या नेच्याविषयी आपण बोलत आहोत, त्याची रचना नेमकी अशीच आहे. उघडा, सडसडीत देठ आणि त्याच्या टोकाला अर्धवर्तुळाकार पंखा. ‘सहस्रांघ्रि’ म्हणजे सहस्र पायांची, हा पर्यायही नेच्याच्या आखूड मूलस्कंधापासून निघणाऱ्या असंख्य केसासारख्या मुळांना साजेसा आहे. केवळ नामसाम्यावरून निर्णय देणे धाडसाचे असले तरी, कोंबड्याच्या जाड, मखमली तुऱ्यापेक्षा हा पंखा मोराच्या शिखेला अधिक जवळचा आहे, हे कोणीही मान्य करील.

मराठीत या नेच्याला मयूरशिखा, मोरपंखी व भुईताड अशी नावे आहेत. भुईताड हे नाव फार बोलके आहे. टीचभर उंचीचे ताडाचे झाड जमिनीतून उगवावे तसा तो दिसतो.

वनस्पतिशास्त्रीय ओळख व प्रसार

या नेच्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा असे आहे. जुन्या ग्रंथांत तो अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस डायकोटोमा या नावाने आढळतो. वाचकांनी ही दोन द्रव्ये वेगळी समजू नयेत. ग्रीक भाषेतील ‘किरण’ व ‘नेचा’ या दोन शब्दांपासून प्रजातीचे नाव सिद्ध झाले आहे. प्रारंभी स्वीडनचे वनस्पतिज्ञ स्वार्ट्झ यांनी त्यास अ‍ॅस्प्लेनियम या प्रजातीत ठेवले होते. पुढे जर्मन वनस्पतिज्ञ लिंक यांनी त्याची गणना अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस प्रजातीत केली. सध्या त्याचा समावेश टेरिडेसी या कुलात केला जातो. हंसराज नावाने परिचित असलेले नेचेही याच कुलातील होत.

नेचा म्हटला की दाट सावली, झिरपणारे पाणी आणि घनदाट अरण्य असे चित्र मनात उभे राहते. मयूरशिखा या कल्पनेला अपवाद आहे. आफ्रिका खंडाचा मोठा भाग, मादागास्कर, अरबी द्वीपकल्प, इराण, भारत, श्रीलंका, नेपाळ व म्यानमार असा तिचा विस्तीर्ण प्रसार आहे, आणि या प्रदेशांतील बरेचसे भाग कोरडे किंवा निमकोरडे आहेत. राजस्थानच्या खडकाळ टेकड्यांवर ती आढळते, तशीच महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कातळांच्या भेगांत, किल्ल्यांच्या तटबंदीत, जुन्या दगडी विहिरींच्या व बारवांच्या सांध्यांत आढळते. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या फटी तिला विशेष मानवतात.

इतक्या कोरड्या ठिकाणी नेचा टिकतो कसा, याचे उत्तर त्याच्या एका असामान्य गुणात आहे. बहुतेक वनस्पतींच्या पानांतील पाणी एका मर्यादेपलीकडे कमी झाले की पेशी मरतात. मयूरशिखेची पाने मात्र वाळून तपकिरी होतात, पंखा आत मिटतो, जीवनव्यापार जवळजवळ थांबतो आणि तरीही पेशी जिवंत राहतात. पाऊस पडल्यावर थोड्याच काळात पंखा उलगडतो व पाने पुन्हा हिरवी होतात. उन्हाळ्यात मेलेली वाटणारी झुडपे आषाढात भिंतीवर हिरवीगार दिसतात, ती यामुळेच. अशा वनस्पतींना ‘पुनरुज्जीवी वनस्पती’ असे म्हटले जाते.

आकृतिवर्णन

मूलस्कंध आखूड असून त्यावर अरुंद शल्के असतात. त्यापासून पानांचा झुबका निघतो. संपूर्ण वनस्पतीची उंची साधारणतः ८ ते २५ सेंटिमीटर असते. देठ बारीक, ताठ व पानाच्या पंख्यापेक्षा बराच लांब असतो. पर्णपाते पंख्यासारखे असून अनेक अरुंद पट्ट्यांत विभागलेले असते. प्रत्येक पट्टी दोहोंत, पुन्हा दोहोंत अशी फुटत गेलेली दिसते. या द्विभाजनावरूनच ‘डायकोटोमा’ हे जुने नाव पडले. पट्ट्यांच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात आणि त्या वळलेल्या कडांखाली बीजाणुधानींच्या तपकिरी रेषा असतात.

या वनस्पतीला फूल नाही, फळ नाही आणि बी नाही. तिचे पुनरुत्पादन बीजाणूंपासून होते. ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकातील म्हणून सोडून देऊ नये. औषधी व्यवहारात ती पहिली कसोटी आहे. ‘मयूरशिखा बीज’ या नावाने जे काही विकले जाते, ते या नेच्याचे असणे शक्यच नाही. त्याचप्रमाणे ‘मयूरशिखा पंचांग’ असा शब्द आपण सवयीने लिहितो, पण पत्र, पुष्प, फल, मूल व त्वक् ही पाच अंगे या वनस्पतीला नाहीतच. खरेदीपत्रकात ‘समग्र वनस्पती’ किंवा ‘पर्ण’ असाच शब्द लिहावा. शब्द अचूक असला की पुरवठादारालाही मोघमपणे वागण्यास वाव राहत नाही.

गल्लत होणारी द्रव्ये

मयूरशिखा म्हणून किंवा तिच्याऐवजी येणाऱ्या प्रमुख वनस्पती पुढीलप्रमाणे आहेत.

१. कोंबडा, सेलोसिया क्रिस्टाटा : अनेक ग्रंथकारांनी यालाच मयूरशिखा मानले आहे. ही कुरडूची जवळची सपुष्प वनस्पती होय. तिची फुले स्तंभक म्हणून अतिसारात व अत्यार्तवात वापरली जातात. येथे एक सूक्ष्म धोका आहे. नेचा व कोंबडा या दोन्हींचे सांगितलेले उपयोग एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असल्याने ‘रुग्णास गुण आला, म्हणजे द्रव्य खरे होते’ हा निष्कर्ष येथे लागू पडत नाही. गुणावरून द्रव्याची ओळख ठरविता येत नाही. ओळख आधी पटवावी आणि गुण त्यानंतर तपासावा.

२. बागेतील मोरपंखी, प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस : पूर्वी याला थुजा म्हणत. हे सूचिपर्णी वर्गातील झाड असून त्याच्या चपट्या, उभ्या फांद्या शोभेसाठी लावतात. ‘मोरपंखी’ हे नाव शहरी ग्राहकांस याच झाडामुळे परिचित आहे. लाकूड, खवल्यांसारखी चिकटलेली पाने, लहान शंकू आणि चुरगळल्यावर येणारा राळेसारखा वास यांवरून ते तत्काळ ओळखता येते. याचा मयूरशिखेच्या जागी उपयोग करण्यास कोणताही आधार नाही.

३. संजीवनी म्हणून विकली जाणारी सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस : तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत मुठीसारख्या मिटलेल्या वाळक्या गोळ्यांच्या रूपाने ही मिळते. पाण्यात टाकली की उलगडते. मयूरशिखाही पाण्यात उलगडत असल्याने काही विक्रेते दोन्ही एकाच नावाने देतात. संजीवनीची पाने मात्र अत्यंत बारीक, खवल्यांसारखी, फांद्यांवर दाटीने लागलेली असतात. तिला लांब उघडा देठ व पंखा नसतो.

४. अ‍ॅडिअँटम कॉडेटम : हंसराजाच्या प्रजातीतील हा नेचा काही ग्रंथांत व काही प्रदेशांत मयूरशिखा या नावाने येतो. त्याचे पान लांबट, दोन्ही बाजूंस पर्णिका असलेले, लवयुक्त असते व त्याचे शेपटीसारखे टोक जमिनीला टेकून तेथे नवे रोप धरते. पंखा नाही, द्विभाजन नाही. म्हणून संशयास जागा नाही.

परीक्षा

पुढील परीक्षेला महागडी साधने लागत नाहीत. दहापट वाढवून दाखविणारे भिंग, एक पांढरी बशी व कोमट पाणी एवढे पुरे. मोठ्या औषधशाळेत सूक्ष्मदर्शक असतोच.

अ. द्रव्य नेहमी अखंड स्वरूपात खरेदी करावे. चूर्ण स्वरूपातील मयूरशिखा घेऊच नये, कारण चूर्ण झाल्यावर वरीलपैकी बहुतेक स्थूल लक्षणे नाहीशी होतात.

आ. पोत्यातील वरचा, मधला व तळाचा असा तीन ठिकाणचा नमुना घ्यावा. वरच्या थरात नेचा आणि खाली दुसरेच काही, असा प्रकार संभवतो.

इ. नमुना कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या बशीत पसरावा. लांब देठ, टोकाला पंखा, पट्ट्यांचे दोहोंत विभाजन ही तीन लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत. केवळ पाण्यात उलगडते म्हणून नमुना खरा, असे मानू नये. उलगडणे हा बऱ्याच अंशी वाळलेल्या तंतूंनी पाणी शोषल्याचा यांत्रिक परिणाम असतो. मृत वनस्पतीही उलगडते आणि संजीवनीही उलगडते.

ई. पट्टी उलटी करून भिंगातून पाहावी. वळलेल्या कडेखाली तपकिरी रेषा दिसावी. परिपक्व पान पांढऱ्या कागदावर आपटल्यास तपकिरी बारीक भुकटी पडते. ते बीजाणू व रिकाम्या बीजाणुधानी होत.

उ. फूल, फुलाचे अवशेष, काळे बी, लाकडाचा तुकडा किंवा शंकू यांपैकी काहीही दिसल्यास तो माल परत करावा. याबाबत तडजोड नको.

ऊ. सूक्ष्मदर्शकाखाली चूर्णात बीजाणुधानीचे वलय शोधावे. जाड भिंतींच्या पेशींची ही अर्धवर्तुळाकार साखळी नेच्यांत आढळते. सपुष्प वनस्पतीत ती असूच शकत नाही. याउलट चूर्णात परागकण दिसले, विशेषतः सर्व अंगांवर छिद्रे असलेले गोल परागकण दिसले, तर कोंबडा किंवा कुरडूच्या कुलातील भेसळ आहे असे समजावे.

भिंतीवरचा दुसरा नेचा

मयूरशिखा ज्या जुन्या भिंतींवर व विहिरींवर वाढते, तेथेच किंचित अधिक ओलाव्याच्या जागी टेरिस व्हिटाटा हा आणखी एक सर्वत्र आढळणारा नेचा वाढतो. त्याचे पान लांब असून दोन्ही बाजूंस अरुंद, लांबट पर्णिका असतात. त्यालाही चुन्याच्या भिंती प्रिय आहेत. संग्राहक घाईने एकाच भिंतीवरील सर्व नेचे खरवडून एका पोत्यात भरतो, तेव्हा याचे मिश्रण होणे अगदी स्वाभाविक आहे.

हे मिश्रण निरुपद्रवी नाही. २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लेना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार हा नेचा जमिनीतील आर्सेनिक शोषून आपल्या पानांत विलक्षण प्रमाणात साठवितो. दूषित जमिनीवरील रोपांच्या पानांत ते दर दशलक्ष भागांत हजारो भाग इतके आढळले. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे की, दूषित नसलेल्या जमिनीवरील रोपांतही ते सुमारे १२ ते ६४ भाग इतके होते. आयुर्वेदीय औषधांसाठी आर्सेनिकची मान्य मर्यादा दर दशलक्ष भागांत ३ भाग आहे. म्हणजे स्वच्छ वाटणाऱ्या भिंतीवरचा हा नेचाही पोत्यात लक्षणीय प्रमाणात मिसळला, तर संपूर्ण घाणा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. केवळ वनस्पतिज द्रव्यांच्या निर्यातक्षम औषधांस १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी बंधनकारक झाली. परंतु परदेशी ग्राहकाला जे संरक्षण मिळते ते आपल्या गावच्या रुग्णास का मिळू नये, हा प्रश्न प्रत्येक औषधशाळाचालकाने स्वतःला विचारावा.

याच कारणास्तव रहदारीच्या रस्त्यालगतच्या, सांडपाण्याच्या गटारालगतच्या व रंग दिलेल्या भिंतींवरील मयूरशिखाही औषधार्थ घेऊ नये. शिसे व अन्य दूषिते तेथे साचलेली असण्याचा संभव असतो.

गुणकर्म व चिकित्सोपयोग

निघंटूक्त गुणांचा विचार करता लघु गुण व पित्त-कफशामकत्व यांमुळे पित्तज व कफज अतिसार हे या द्रव्याचे मुख्य क्षेत्र ठरते. आमावस्थेत स्तंभन द्रव्ये देऊ नयेत हा सर्वसामान्य नियम येथेही लागू आहे. आमपाचन झाल्यावरच तिचा विचार करावा. विसाव्या शतकातील भारतीय वनौषधिकोशांत तिची नोंद रक्तस्तंभक व कृमिघ्न म्हणून केलेली आढळते.

रासायनिक विश्लेषणात पानांपासून रुटिन हे फ्लेवोनॉइड तसेच बीटा-सिटोस्टेरॉल वेगळे करण्यात आले आहे. रुटिन अनेक वनस्पतींत असते. त्यामुळे त्याच्या अस्तित्वावरून मयूरशिखेची ओळख पटविता येत नाही, तसेच तेवढ्यावरून रक्तस्तंभक गुणही सिद्ध होत नाही. दाहशामक, जंतुरोधक व ऑक्सिडीकरणरोधी क्रियांविषयी प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. ते पुढील संशोधनाला दिशा देतात; रुग्णास आश्वासन देण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये.

तीन बाबतींत विशेष सावधगिरी हवी. पहिली, लोकवैद्यकात या वनस्पतीचा उपयोग स्त्रियांच्या प्रजननविषयक तक्रारींत परस्परविरुद्ध हेतूंनी सांगितला जातो. कोठे गर्भधारणा व्हावी म्हणून, तर कोठे ती होऊ नये म्हणून. जोपर्यंत या दाव्यांची शहानिशा होत नाही तोपर्यंत गर्भवतीस व गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रीस हे द्रव्य देऊ नये. दुसरी, बालकांच्या अतिसारात जलक्षय हे मृत्यूचे मुख्य कारण असते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली की क्षार-संजीवनी व रुग्णालयीन उपचार यांस प्राधान्य. स्तंभन औषधाची वाट पाहत थांबू नये. तिसरी, सततच्या किंवा अकारण रक्तस्रावाचे निदान होण्यापूर्वी रक्तस्तंभक देऊन लक्षण झाकून टाकू नये.

संग्रह व संवर्धन

विस्तीर्ण प्रसार असलेल्या वनस्पतीच्या संवर्धनाची चिंता कशाला, असे वाटणे साहजिक आहे. अनेक देशांच्या भूमीशी नाते असलेला हा नेचा जगातून नाहीसा होण्याची भीती नाही. परंतु वैद्यास उपयोगी पडते ती आपल्या परिसरातील वनस्पती. भिंतीच्या फटीतील रोप लहान असते व सावकाश वाढते. किलोभर वाळलेल्या मालासाठी फार मोठ्या संख्येने रोपे लागतात. मूलस्कंधासह उपटले की ती फट रिकामी होते आणि पुन्हा तेथे बीजाणू रुजून रोप तयार होण्यास दीर्घ काळ जातो. त्यात जुन्या विहिरी बुजविल्या जात आहेत व चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट भरले जात आहे. एका तालुक्यातील चार-पाच बारवांवरची वनस्पती एका हंगामात संपविणे कठीण नाही.

म्हणून पुढील पद्धत सुचवावीशी वाटते. संग्रह पावसाळ्याच्या अखेरीस, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, बहुतांश बीजाणू गळून गेल्यावर करावा. रोप उपटू नये. पक्व पाने कात्रीने देठाच्या बुडाशी कापावीत व प्रत्येक झुबक्यातील निदान निम्मी पाने तशीच राखावीत. एकाच भिंतीवर लागोपाठ दोन वर्षे संग्रह करू नये. पाने सावलीत, पातळ थरात वाळवावीत आणि वाळल्यावर हवाबंद डब्यात ठेवावीत. हवेतील ओलावा शोषून घेण्याचा या पानांचा स्वभाव असल्याने उघड्या पोत्यात बुरशी लवकर येते.

येथे एक शंका उपस्थित होईल. परंपरेने समग्र वनस्पती घेतली जात असताना केवळ पाने घेतल्यास गुणात फरक पडणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. ज्या योगात मूळ स्पष्टपणे सांगितले आहे तेथे पर्याय करू नये. अन्यत्र मात्र केवळ पर्णांचा वापर करून तशी स्पष्ट नोंद ठेवावी आणि परिणामांची तुलना करावी. काही वर्षांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्याच नोंदवह्या देतील.

बीजाणूंपासून रोपे तयार करणे शक्य आहे, पण त्यास धीर हवा. नेच्यांच्या सामान्य पद्धतीप्रमाणे पक्व पाने कागदाच्या पुडीत ठेवून बीजाणू गोळा करावेत. विटांचा चुरा व थोडा जुना चुना यांचे मिश्रण उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून काचेच्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे, त्यावर बीजाणू भुरभुरावेत व भांडे उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवावे. प्रथम हिरवा पातळ पापुद्रा दिसतो आणि त्यावर पुढे लहान रोपे येतात. आयुर्वेद महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांनी दगडी बांधाची एक उतरंड या कामासाठी राखून ठेवल्यास विद्यार्थ्यांना खरी मयूरशिखा प्रत्यक्ष पाहता येईल.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. संरक्षित स्मारकांच्या तटबंदीवरून व अभयारण्यांतून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही सवलती दिल्या असल्या, तरी व्यापारी प्रमाणावर रानातील माल घेणाऱ्या औषधशाळेने राज्य जैवविविधता मंडळाचे नियम पाहूनच व्यवहार करावा.

औषधशाळेतील नोंद

अनुसूची ‘टी’ २००० मध्ये लागू झाल्यापासून कच्च्या मालाची ओळख व नोंद ठेवणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. मयूरशिखेच्या बाबतीत त्या नोंदीत निदान पुढील सहा गोष्टी असाव्यात : संपूर्ण शास्त्रीय नाव, घेतलेले अंग, संग्रहाचे गाव व महिना, भिंत, कातळ किंवा विहीर यांपैकी जागा, परीक्षा करणाऱ्याची स्वाक्षरी, आणि कागदावर चिकटवून जपलेला एक अखंड नमुना. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी आहे. पुढे कधी वाद निर्माण झाला, तर शब्दांपेक्षा तो वाळलेला पंखाच अधिक स्पष्ट साक्ष देईल.

चिकित्सकांनीही रुग्णपत्रिकेत ‘मयूरशिखा चूर्ण’ एवढेच न लिहिता ‘मयूरशिखा, नेचा, पर्ण’ असे लिहावे. ज्यांना परंपरेने कोंबडाच मयूरशिखा म्हणून अभिप्रेत आहे, त्यांनी तसे स्पष्ट नमूद करावे. त्यांच्या परंपरेस कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही वनस्पतींना आपापल्या नावाने वागविले, तरच दोन्हींचा खरा गुण कळेल.

उपसंहार

मयूरशिखा हे मोठ्या उलाढालीचे द्रव्य नाही. तिच्यावाचून कोणाची औषधशाळा अडणार नाही. तरीसुद्धा तिच्या निमित्ताने पुढे येणारा प्रश्न आपल्या संग्रहातील कित्येक संदिग्ध द्रव्यांना लागू पडतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वैद्याने आपल्या गावाजवळील एखादी जुनी विहीर किंवा तटबंदी भिंग घेऊन पाहावी. मयूरशिखा व टेरिस व्हिटाटा हे दोन्ही नेचे ओळखावेत व आपल्या दुकानातील डब्यात काय आहे ते त्यांच्याशी ताडून पाहावे. डब्यावरील नाव व डब्यातील वनस्पती यांचा मेळ बसला तर उत्तम. न बसल्यास तो डबा रिकामा करण्यास विलंब लावू नये.